न उघडणारी विंडो
रविवारी दुपारी तळोज्याच्या औषध कारखान्यातून दिपेशचा फोन आला. "मॅडम, मी कोल्डरूममध्ये अडकलोय. आतला दांडा तुटला. वॉचमनकडून दार उघडत नाय." दार उघडण्याचा प्रोग्रॅम तिथल्या सर्व्हरवर होता आणि त्या सर्व्हरला स्क्रीन नव्हता. कारखान्याचे कंप्युटर सांभाळणाऱ्या गीतांजलीने खारघरच्या घरातूनच लॅपटॉप त्याला जोडला. काळ्या पडद्यावर अक्षरं आली, पण प्रोग्रॅमची विंडो काही उघडेना. प्रत्येक वेळी एकच उत्तर येई, डिस्प्ले सापडत नाही. "मॅडम, बोटं हालत नाय आता." "बोलत राहा, दिपेश. चालत राहा, बसू नका." तिने सेटिंगची फाइल उघडली. लांबून विंडो दाखवण्याची सोय तिथे बंद होती. गेल्या महिन्यात सुरक्षेसाठी तिनेच ती बंद केली होती. तिने 'नो' खोडून 'येस' लिहिलं. आता सर्व्हरची जोडणी-सेवा नव्याने सुरू करून, जोडणी तोडून पुन्हा जोडावी लागणार होती, आणि एक अक्षर जरी चुकलं असेल तर सर्व्हर तिला परत आत घेणार नव्हता. फोनवर दिपेशचं बोलणं थांबलं. तिने सेवा नव्याने सुरू केली आणि जोडणी तोडली. पुन्हा पासवर्ड टाकला. विंडो वरून खाली हळूहळू उमटली. तिने दाराच्या बटणावर क्लिक केलं. फोनमधून वॉचमनची आरोळी ऐकू आली, मग बऱ्याच वेळाने दिपेशचा आवाज. "काय बिघडलं होतं, मॅडम?" "काही बिघडलं नव्हतं. मीच बंद करून ठेवलं होतं." त्याचे दात अजून वाजत होते. तो म्हणाला, "आता चालूच राहू द्या."