पट्ट्यांचा परवाना

“आजही नाही,” खिडकीमागचा कारकून म्हणाला. “साहेब रजेवर आहेत.”

“आणि माझी फाइल?”

“तीही रजेवरच समजा.”

रांगेतले दोघेजण हसले. तिला हसू आलं नाही. अकरा महिने ती या परवाना कार्यालयाचे उंबरे झिजवत होती.

शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तिचं यंत्र प्लास्टिकखाली झाकून उभं होतं. जखमेवर बांधायच्या पट्ट्या कापून, वाफेने निर्जंतुक करून देणारं. देशात कापूस रग्गड पिकायचा. गाठी बांधून बोटीने बाहेर जायचा आणि पट्ट्या होऊन चौपट भावाने परत यायचा. सरकारी दवाखान्यात त्या कधी पुरत नसत. ती स्वतः तिथे नर्स होती. वापरलेल्या पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घालताना तिला कारखान्याची कल्पना सुचली होती.

भांडवल बाबांनी दिलं. ते याच परवाना कार्यालयात एकतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. “फंडाचे आहेत,” म्हणाले, “मला आता काय करायचेत?”

कारकुनाने पहिल्यांदा सूचक बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिने घरी येऊन बाबांना सांगितलं.

“एक पै द्यायची नाही,” ते म्हणाले. “एकदा दिलीस की जन्मभर देत बसशील.”

“मग तुम्ही एक शब्द टाका ना. तुमच्या हाताखालचे लोक आहेत अजून तिथे.”

“माझं नाव तिथे घ्यायचं नाही. वशिल्याचा परवाना आपल्याला नको.”

ते भरल्या ताटावरून उठून गेले. तिला स्वतःची लाज वाटली. अर्जावर सासरचं नाव होतं, त्यामुळे ती कुणाची मुलगी हे कार्यालयात कुणाला कळायचं कारणच नव्हतं. तिने ते कळू दिलं नाही.

मग फाइल हळूहळू फिरत राहिली. आगीचा दाखला झाला, पाण्याचा झाला. मग आगीच्या दाखल्याची मुदत संपली. तिने शिकवून तयार केलेल्या बावीस बायकांपैकी चौघी उरल्या. त्यातली कापायच्या कामात सगळ्यात तरबेज असलेली एके दिवशी दारात येऊन उभी राहिली.

“ताई, मी चालले. बाहेरच्या देशात घरकामाचं ठरलंय.”

“तुझा हात मशीनपेक्षा सरळ चालतो. भांडी घासायला जातेस?”

“इथे थांबून काय करू? तुम्हीच सांगा.”



त्याच आठवड्यात दवाखान्यांच्या खरेदी विभागाचं पत्र आलं. महिनाअखेरीस परवाना दाखवला नाही, तर पाच वर्षांचं कंत्राट परदेशी कंपनीला जाणार होतं. रात्री नवऱ्याचा फोन आला. तो परदेशात बांधकामावर होता. कारखाना सुरू झाला की परत येणार होता.

“इथे करार वाढवून देतायत,” तो म्हणाला. “सही करू का?”

“दोन दिवस थांब.”

“धाकटी माझा आवाज ओळखते का गं अजून?”

“ओळखते,” ती म्हणाली. धाकटी फोनवर यायलाच लाजायची, हे तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बांगड्या मोडल्या. निघताना बाबांनी विचारलं, “कुठे?”

“भाजी आणायला.”

बाबांशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. रस्ताभर तिला तेच टोचत राहिलं.

मधल्या सुट्टीत कारकुनाने तिला मागच्या खोलीत नेलं. छतापर्यंत फायली रचलेल्या होत्या. तिने पाकीट टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात तिला उचलता येईना.

“माझ्या वडिलांना कळलं तर तोंड बघणार नाहीत माझं,” ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. “एकतीस वर्षं याच कार्यालयात होते ते.”

“कोण वडील?”

तिने नाव सांगितलं.

कारकून खुर्चीतून उठला. पाकीट त्याने दोन बोटांनी तिच्याकडे सरकवलं. “ताई, आधी बोलायचंत ना. अकरा महिने उगाच हाल झाले तुमचे.”

तो बाहेर गेला. वीस मिनिटांत परवाना घेऊन आला. शिक्क्याची शाई अजून ओली होती. मागोमाग शिपाई चहा घेऊन आला. आतल्या केबिनमधून, रजेवर असलेल्या साहेबांनी नमस्कार सांगितला होता.

ती कागदाकडे बघत राहिली. डोळे भरून आले. इतक्या सडलेल्या जागीही एका सरळ माणसाच्या नावाला अजून किंमत होती. आज घरी जाऊन बाबांना सगळं खरं सांगायचं, बांगड्यांचंसुद्धा, असं तिने ठरवलं. ते रागावतील. रागावू देत.

“त्यांनी कधी कुणाच्या चहालाही हात लावला नाही,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला माझ्याकडून घेववलं नाही ना?”

 ही आपली परीक्षा तर बघत नाही, असं कारकुनाला वाटलं असावं. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमच्या वडिलांच्याच घरून घ्यायचे, आणि दर पहिल्या तारखेला त्यातला त्यांचा वाटा परत त्यांच्याच घरी पोचवायचा, बरं दिसतं का ते?”