एक तरी चूक

दवाखान्याच्या बिलांवर तपासणीचे आणि आजाराचे कोड टाकायचं तिचं काम. तिचा दरारा एवढा, की चुकीचं बिल तिच्यासमोर आलं की त्या बिलालाच घाम फुटायचा म्हणे!

आज नवऱ्यानं स्वतःच्याच सीटी स्कॅनचं बिल तिच्यापुढं टाकलं. रिपोर्ट डॉक्टर उद्या सांगणार होते.

"बघ गं, पोटाचे पैसे वेगळे आणि ओटीपोटाचे वेगळे लावून लुबाडलं असेल लेकाच्यांनी!"

दोन्हींचा मिळून एकच कोड होता, अगदी बरोबर. त्याच्याखाली कॅन्सरचा कोड होता.

तिनं नाव पाहिलं, वय पाहिलं, तारीख पाहिली. पुन्हा नाव पाहिलं.

"काय गं, सापडली का चूक?"

"थांबा हो," ती म्हणाली, "शोधतेय अजून."