अर्ध्या मिशीची पैज

"हात न लावता? फुंकर न मारता? नुसता उजेड पाडून?" भटू फोटोवाला हसता हसता ओट्यावरून खालीच घसरला.

"साधा उजेड नाही, लेसर," अभिमन सर म्हणाले. "काजळीचा कण उजेडात धरतो. उजेड सरकवला की कण त्याच्यामागे निघाला पाहिजे."

"आनी नही निघना त?"

"तर भर चौकात अर्धी मिशी उतरवतो. निघाला तर तू उतरव."

शनिपेठेतल्या त्या गल्लीला साक्षीदारांचा तोटा नव्हता. महिन्याची मुदत ठरली.

मिशीचं सोडा, सरांची खरी पैज कॉलेजात लागली होती. ते तिथे फिजिक्स शिकवायचे. पुण्याच्या मित्राने लेसरची नळी महिन्याच्या बोलीवर दिली होती. मुदत संपेल त्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने ती परत जायची. प्रिन्सिपॉलांनी बजावून ठेवलं होतं, "तोवर काही करून दाखवलंत तर प्रयोगाची अंधारखोली तुमची. नाहीतर तिथे क्रिकेटचं सामान ठेवतो." एवढ्या वर्षांचं संशोधन, आणि त्याच्या जागी पॅड आणि स्टंप!

गोम अशी होती, की काळा कण उजेडाच्या ठिपक्यात थांबत नाही, बाहेर पळतो. त्याला धरायला उजेडाचं कडं लागतं, मधे अंधार असलेलं. कण मधे सापडला की चारी बाजूंनी कोंडला. कडं घडवायला सरांनी कॉम्प्युटरवर एक चित्र काढलं होतं, लेंग्याच्या कापडासारखं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्याची नखाएवढी फिल्म करून लेसरसमोर धरायची, की उजेड कडं होऊन बाहेर येणार. आणि इतकी बारीक फिल्म करणारा हात अख्ख्या जळगावात एकच. भटूचा.

भटूचं काम म्हणजे काम. स्थळासाठी काढलेल्या फोटोतला देवीचा वण, तिरळा डोळा, पुढे आलेला दात, सगळं तो ब्रशने गायब करायचा. लग्नानंतर सासरची मंडळी तोच फोटो घेऊन भांडायला आली, की त्यांना चहा पाजून त्यांचाच ग्रुप फोटो काढायचा.

"कसलं चित्र शे हे, सर?" त्याने विचारलं होतं.

"तुला सांगून काय कळणार? फोटो काढ तू."

पहिली फिल्म लावली. समोर कडं नाही, ठिपका. काचेवरच्या पाण्याच्या थेंबात काजळीचा कण निवांत पडला होता. ठिपका जवळ गेला, तसा तो वसुलीवाला दिसल्यासारखा बाजूला पळाला.

सरांनी नवा कागद छापला, भटूने नवी फिल्म केली. पुन्हा ठिपका. दाळमिलच्या ट्रकांनी टेबल हादरतं, म्हणून सरांनी टेबलाखाली सायकलच्या ट्यूबा फुगवून ठेवल्या. ठिपका. वीज कमीजास्त होते, म्हणून पहाटे उठून कॉलेज गाठलं. ठिपका. आकडेमोड पहिल्यापासून तपासली. बरोबर. नवा कागद, नवी फिल्म. ठिपका! सरांनी डोक्यावरचे उरलेसुरले केस ओढले. घरी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, "कणाचं राहू द्या. आधी ही वरणावरची माशी धरून दाखवा."

सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाणी बघितलं, काजळी बघितली, काच बघितली. फिल्म तेवढी बघितली नाही. भटूच्या हातावर काय संशय घ्यायचा?

मुदतीचा रविवार उजाडला. नळी संध्याकाळच्या गाडीने जाणार होती. नथ्थू न्हाव्याने खुर्ची आणि आरसा चौकाच्या मधोमध आणून ठेवले. गल्ली तर जमलीच, नशिराबादहून भाजी घेऊन आलेले लोकही टोपल्या टेकवून उभे राहिले. सर बसले. साबण लागला. वस्तरा फिरला. डावी मिशी गेली. लोकांनी हसत टाळ्या वाजवल्या.

एकटा भटू हसला नाही. आरशात सरांचा चेहरा बघून त्याला भडभडून आलं. तो खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"सर, मन्हावर राग नका धरू. पैज पैजना जागे. तुम्हनं काम मी जीव लाईसन करं. तुम्हना कागदवर मधली रेघ दर खेपे फाटेल ऱ्हाये. एकन्या दोन व्हयी जायेत. असा कागदना फोटो कसा काढू? मी दर खेपे पट्टी लाईसन बठ्ठ्या रेघा नव्या आख्यात, सरळ. आनी मंगच फोटो लिधा. त्याना एक पैसा लिधा नही."

सर खुर्चीतच त्याच्याकडे वळले. हनुवटीवरून साबण शर्टावर गळत होता.

"भटू," ते अगदी हळू म्हणाले, "ती रेघ फाटलेली नव्हती, मुद्दाम फोडलेली होती. त्या एका फाट्यानेच उजेडाचं कडं होणार होतं. बाकीच्या बठ्ठ्या रेघा त्याच्या सोबतीला होत्या."

भटूने कपाळावर हात मारून घेतला.

नथ्थूला त्यातलं काही कळलं नाही. त्याने वस्तरा पट्ट्यावर घासला आणि मायेने विचारलं, "सर, उजवी बाजूबी काढी टाकू? सारखं दिसी."

"खबरदार, सारखं करशी त!" भटू ओरडला, आणि कमरेची किल्ली उपसत सरांच्याही आधी आपल्या फोटो स्टुडिओकडे पळत सुटला.