स्तंभाखालचा फोटो

"मग हात सुटला कसा, आजी?" पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं.

दर पाच जूनला हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. चोंगछिंगच्या भर चौकात विजयस्तंभ, त्याच्या माथ्यावर घड्याळ, भोवती दुकानांची दाटी, आणि पायथ्याशी गळ्यात लाल रुमाल बांधलेली शाळेची पोरं. युनशूचं उत्तर पाठ होतं. एकेचाळीस सालचा हाच दिवस, वरून जपानी विमानं बॉम्ब टाकत होती. आसऱ्याच्या भुयारात माणसावर माणूस पडलेला, कुणाला श्वास मिळेना. मी अकरा वर्षांची, माझा धाकटा भाऊ चाओ पाच वर्षांचा. मी त्याचा हात धरून ठेवला होता. मी सोडला नाही गं बाळ, गर्दीनं हिसकावून नेला. एवढं बोलून ती डोळे टिपायची. बांबूला ओझी बांधून चाललेले हमालसुद्धा घटकाभर थांबायचे आणि सुस्कारा टाकून पुढे जायचे.

आज मात्र 'सोडला नाही' म्हणताना तिची जीभ अडखळली. आज चाओ यायचा होता.

गेल्या साली तिची हकिकत पेपरात छापून आली, सोबत तिचा हसरा फोटो. तो पेपर फिरत फिरत तैवानला पोचला आणि तिकडून चार ओळींचं पत्र आलं. भुयाराच्या तोंडाशी एका शिपायाला सापडलेला पोरगा मीच. त्यानंच वाढवलं, समुद्रापार नेलं, शिकवलं. पाच जूनला स्तंभाखाली येतो. काय आठवतं, काय नाही, याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

तेव्हापासून युनशूची झोप उडाली. पाच वर्षांच्या पोराच्या ध्यानात काय राहत असेल, असं तिनं शेजारणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, सुनेला विचारलं. काही राहत नाही, दोघी म्हणाल्या. तरी एक दिवस जाऊन तिनं वरचा तिरका दात काढून घेतला. दुखत नसलेला दात काढून घेणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय, सून म्हणाली. भाऊ येतोय, जरा बरं दिसायला नको का, म्हणत तिनं हसून वेळ मारून नेली. आज सकाळी निघताना मात्र तिनं चाओची वाटी स्वतःच्या हातानं मांडली. सत्तावन्न नववर्षांना ती वाटी रिकामीच मांडली गेली होती. आज तिच्यात भात पडणार होता.

सव्वादहाला गर्दीतून एक ठेंगणा, टापटीप म्हातारा पुढे आला. एवढ्या उकाड्यात पुऱ्या बाह्यांचा सदरा. कान थेट बापाचे. युनशूनं त्या कानांवरूनच त्याला ओळखलं.

शाळेच्या बाईंनी त्याच्या हातात माईक दिला. पोरांना दोन शब्द सांगा म्हणाल्या. तो पोरांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"ताईनं सांगितलं ना तुम्हाला," तो म्हणाला. "मग मी वेगळं काय सांगू?"

टाळ्या पडल्या. बायाबापड्यांनी डोळे पुसले. युनशूही रडली, आणि आजचं रडणं खरं होतं. हा पोरगा सगळं विसरलाय. देवीनं आपल्यावर पांघरूण घातलं.

पेपरवाल्यानं दोघांना पायरीवर उभं केलं. साडेदहाला त्या हल्ल्याच्या आठवणीचा भोंगा वाजणार होता, त्याच्या आत त्याला फोटो हवा होता. हात धरा म्हणाला, वर घ्या, अजून वर, लोकांना दिसू दे. युनशूनं भावाचा हात दोन्ही हातांनी धरून वर उचलला. त्याची बाही घसरली. मनगटाच्या वर पांढरट, गोल व्रण होता.

"ताई," तो कॅमेऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "आपल्याकडे कुत्रं होतं का?"

बुडत्याला काठ दिसावा तसा तो प्रश्न तिला दिसला.

"होतं की," ती म्हणाली. "पिवळं. भारी द्वाड. तू त्याच्या खाण्यात हात घातला होतास एकदा."

"नाव काय त्याचं?"

"वांगचाय."

त्यानं मान हलवली. पेपरवाला कॅमेऱ्यात नवा रोल भरत होता.

"चाळीस वर्षं दातांचा डॉक्टर आहे मी," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ. "कुत्र्याचा चावा असा गोल उमटत नाही. हा माणसाचा आहे. लहान तोंड, वरचा एक दात तिरका. पेपरातल्या फोटोत तुम्ही हसत होता, तेव्हा दिसला मला तो दात. आज तोंडात नाही."

युनशूची जीभ आपसूक त्या खाचेत गेली.

"राग नव्हता माझा. अकरा वर्षांची पोर, जीव कोंडलेला, आणि मी हाताला लटकलेला. मीही चावलो असतो. एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, की मग तुमच्या घरी येऊन पोटभर भात जेवणार होतो. आता दुपारच्या विमानानं परत जातो."

"हसा, आजी," पेपरवाला म्हणाला.

लख्खकन उजेड पडला. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. युनशूनं त्याचा हात दोन्ही हातांनी अजून घट्ट आवळला.

"फोटो झाला," चाओ म्हणाला. "आता सोडा हात, ताई. तुम्हाला येतं ते."