उमेदवाराच्या हस्ताक्षरात

“ज्याला सरकार घरात नको असतं ना ताई, त्याच्या घरात एकदा नीट बघून घ्यावं,” सरूबाई म्हणाली होती.

सरूबाई आशा सेविका. दर पंधरा दिवसांनी वजनकाटा खांद्याला अडकवून पुंडलिकनगरात यायची, बाळाला झोळीत घालून तोलायची. प्रमोदिनी तेव्हा हसली होती. “ह्यांच्या भाषणांनी नोकरी जाईल म्हणून बोलताय होय?”

पुढच्या खेपेला तिच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, सरूबाईला फाटकातूनच परत पाठवलं.

ते हसू आज प्रमोदिनीला बोचत होतं, कारण कागदावरचा पहिलाच प्रश्न होता: घरोघरी येणाऱ्या आरोग्यसेविकांबद्दल तुमचं मत काय?

प्रश्न नऊ होते. औरंगपुऱ्यातल्या मतदार मंचानं विधानसभेच्या सगळ्या उमेदवारांना हाच छापील कागद धाडला होता. वर ठळक अट: उत्तरं उमेदवाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता यावीत म्हणून ती तशीच काचेच्या फलकात लावणार होते. कागद न्यायला मंचाचे मधुसूदन सर खाली येऊन बसले होते.

“लिही,” वैजनाथ सदऱ्याची बटणं लावत म्हणाला. “सरकारनं उंबऱ्याबाहेर राहावं. आईपेक्षा लेकराची काळजी सरकारला जास्त हाय का?”

तिनं लिहिलं. कॉलेजात फलकलेखनाचं बक्षीस मिळालेलं तिचं अक्षर.

दुसरा प्रश्न पाण्याचा. “आठ दिवसांनी नळाला पाणी सोडतं, ते सरकार आमची लेकरं काय तोलतं? ज्याला जमंल त्याला पाणी पुरवू द्या.”

हे तिला पटायचं. लग्नाआधी तिनं त्याचं पहिलं भाषण ऐकलं, तेही असंच होतं. पेन्शनीच्या एका सहीसाठी तिच्या वडिलांनी अकरा खेटे घातले होते. बाराव्याला ते उरलेच नाहीत. आणि स्टेजवरचा हा माणूस सांगत होता, माणसाला मोकळं सोडा. तिला वाटलं होतं, आपलंच कुणी बोलतंय.

परवाने रद्द करा. शाळांची तपासणी कमी करा. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

“पाचवा काय?”

“घरगुती छळाच्या तक्रारी. संरक्षण अधिकारी वाढवावेत का?”

वैजनाथ खो खो हसला. “नवरा-बायकोत सरकार? मग तिसरी उशी घ्यावी लागंल! लिही, ‘नको’. उशीचं लिहू नको.”

खिडकीतून समोरचा फलक दिसत होता. वैजनाथ हात जोडून उभा, पुरुषभर उंच. कोपऱ्यात पदर घेतलेली ती, वहीएवढी.

“अहो, फर्दापूरला फोन लावता?”

“आता?”

“नुसता बाळाचा आवाज ऐकते.”

तिचा फोन बंद पडला होता, आणि दुरुस्तीला टाकायला त्याला सवड मिळत नव्हती. त्यानं स्वतःचा लावला, स्पीकरवर धरला.

“निजली ना माय आत्ताच,” पलीकडून चतुराबाई, तिची सासू. “उठवलं की रडंल.”

“आई, फिटचं औषध दिलं ना?”

“दिलं की. तू तुझ्या कामाकडं बघ.”

फोन बंद झाला. प्रमोदिनीनं पदर सारखा केला. छातीतलं दूध आता आटत आलं होतं. प्रचाराच्या धामधुमीत लेकराचे हाल नकोत म्हणून आजीकडं ठेवलंय, असं वैजनाथ सगळ्यांना सांगायचा. ऐकणारे म्हणायचे, बरं केलंत.

आठ उत्तरं झाली. वैजनाथनं कागद घेतला आणि ओळीओळीखाली बोट ठेवून वाचला. खालून कुणीतरी ओरडलं, “साहेब, गाड्या लागल्या!”

“नववा?”

“निवडून आल्यावर तुमचं पहिलं काम कोणतं?”

“सरकारला घराबाहेर काढणं. एवढंच लिही. पाकिटात घाल, डिंक लाव.” तो चपला शोधायला बाहेर गेला.

तिनं लिहिलं. एवढंच लिहायला जरा वेळच लागला. मग कागद दुमडून पाकिटात सरकवला आणि कड बोटांनी दाबून धरली.

वैजनाथनं पाकीट उलटसुलट केलं. “बंद केलं होय?”

“तुम्हीच म्हणालात.”

त्यानं चिकटलेल्या कडेवरून नख फिरवलं. खाली हॉर्न वाजला. पाकीट घेऊन तो जिना उतरला आणि वाकून, दोन्ही हातांनी, सरांच्या हाती दिलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर ती उभी होती. सरांनी चष्म्यावरून वर पाहिलं. “काय वहिनी, अक्षर तुमचंच ना?”

“तिचंच!” वैजनाथ म्हणाला. “डोकं कुणाचं, तेवढं विचारू नका, सर.”

ओट्यावरचे सगळे हसले. सरही हसले, पाकीट खिशात घालून त्यांनी स्कूटर सुरू केली.

वैजनाथनं जिन्याचं दार बाहेरून ओढून घेतलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. ते आता संध्याकाळी, तिला सभेला न्यायला गाडी आल्यावरच उघडणार होतं.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळून विरेपर्यंत ती कान देऊन उभी राहिली. नववं उत्तर तिनं असं लिहिलं होतं:

‘वरची आठ मतं माझी नाहीत. माझ्या नवऱ्याला शिक्षा झाली आहे, त्यांना निवडणुकीला उभं राहता येत नाही; उमेदवार मी आहे, प्रमोदिनी. अर्ज मागे घेते असं मी म्हणाले, त्याच दिवशी त्यांनी माझी आठ महिन्यांची मुलगी फर्दापूरला नेली. अठरा दिवस मी फोनवर तिच्याबद्दल विचारते आहे, आणि अठरा दिवस ती झोपलेलीच आहे. तुम्ही सरकारी असा, नसा, हे वाचणारे कुणीही असा, आत्ता जाऊन माझ्या सासूचं, चतुराबाईंचं, दार वाजवा. मुलगी झोपली आहे म्हणाल्या, तर उठवायला सांगा.’