एक नंबरचं पोर्ट

मटार सोलता सोलता आई पुन्हा एकटीच हसली आणि हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. आईच्या कानामागच्या चिमुकल्या नेटवर्क-स्विचला दोघी लेकींची मनं जोडलेली होती. नाशिकहून विदुलाच मनातल्या मनात काहीतरी बोलली असणार. औषधं, अंघोळ, डॉक्टर सगळं थोरलीनं करायचं, आणि हसायचं मात्र धाकटीशी!

"आई, मान वळव जरा. तुझा स्विच तपासायचाय."

हेमांगीनं लॅपटॉपवर चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि स्विचला प्रत्येक पोर्टची, म्हणजे एकेका लेकीच्या जोडणीची, माहिती विचारली. दोन नंबरचं, विदुलाचं पोर्ट धो धो वाहत होतं. एक नंबरचं, हेमांगीचं, बंद.

"बघ! माझं पोर्ट बंद पडलंय आणि तुला पत्ताही नाही. विदुलाचं पडलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

"पडलं नाही गं," आई शेंग मोडत म्हणाली. "नीट वाच."

हेमांगीनं वाचलं. 'बंद केलेलं. हेमांगीकडून. तीन वर्षांपूर्वी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता.' तिला ती मीटिंग आठवली. डोक्यात आईची बडबड नको म्हणून दहाच मिनिटांसाठी तिनं पोर्ट बंद केलं होतं, आणि मग विसरूनच गेली होती.

तिनं ते उघडलं. अडकून पडलेले निरोप रांगेनं डोक्यात येऊ लागले. पहिला त्याच मंगळवारचा होता, अकरा वाजून दहा मिनिटांचा.

'हेमे, झाली का गं मीटिंग?'