ओ

नवा राउटर बसवायला आलेल्या इंटरनेटवाल्याने राउटरला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला, तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर आलं, 'हा अ‍ॅड्रेस आधीच कोणीतरी वापरतंय.'

"काकू, घरात आणखी काही जोडलंय का?"

"नाही रे. मी एकटीच तर असते."

त्याने लॅपटॉपवरून त्या अ‍ॅड्रेसला पिंग केलं, म्हणजे कोणी आहे का अशी हाक मारली. तिकडून ओ आली. मग त्याने लॅपटॉपमधून राउटरची वायर उपटली, लॅपटॉपचं वायफायही बंद केलं आणि पुन्हा हाक मारली. या खेपेस ओ आधीपेक्षा लवकर आली, ओ देणारं जवळ सरकल्यासारखी.

त्याने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"झालं का रे?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

तो बोलणार, तेवढ्यात स्क्रीनवर नवी ओळ उमटली. आता तिकडूनच हाक आली होती, आणि त्याने थांबवायच्या आत लॅपटॉपने ओ दिली.